सुकर मैदानावरील अपयश : गोल्फच्या खेळातील एका विरोधाभासाची मीमांसा

माणिकगडच्या डोंगरातून जिवतीकडून गडचांदूरकडे उतरणाऱ्या घाटात वाहनचालकाचे दोन्ही हात चक्रावर घट्ट असतात. प्रत्येक वळण त्याच्याकडून काही तरी मागत असते, आणि तो ते देत असतो. घाट संपतो, कोरपन्याच्या बाजूची काळी सपाट जमीन सुरू होते, दोहों बाजूंस कापसाची शेते लागतात आणि त्याबरोबर चालकाच्या मनाची पकड सैल होते. रस्ता सुकर झाला, एवढ्यावरून प्रवास अधिक निर्धोक झाला असे अनुमान काढणे तर्कास धरून आहे. परंतु अनुभव या अनुमानास नेहमीच दुजोरा देतो असे नाही. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यानंतर तेथील अपघातांची जी चर्चा झाली, तीत ‘मार्गसंमोहन’ हा शब्द वारंवार आला. वळणे नाहीत, चढउतार सौम्य, समोर वाहन नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही अवधान मिटते, असा त्या शब्दाचा आशय होय.

कार्य सुलभ झाले असता कामगिरी उंचावण्याऐवजी खालावते, या घटनेचे मानसशास्त्रीय आणि संख्याशास्त्रीय परीक्षण करावयाचे असेल तर रस्ता हे फारसे सोयीचे क्षेत्र नाही. तेथे चूक मोजता येते ती बहुधा प्राणहानीनेच, आणि बरोबर चालविण्याचे मोजमाप कोणी ठेवीत नाही. याउलट गोल्फच्या खेळात प्रत्येक फटक्याची नोंद होते, प्रत्येक मैदानाची काठिण्यपातळी अंकांत मांडलेली असते आणि तोच खेळाडू वेगवेगळ्या मैदानांवर वर्षानुवर्षे खेळत असतो. ‘अवघड मैदानावर चांगला खेळलो, आणि सोप्या मैदानावर मात्र धुळीस मिळालो’ ही तक्रार या खेळात इतकी सार्वत्रिक आहे की, तिच्यामागे केवळ सबब नसून काही तथ्य असावे असे मानावयास जागा आहे. ते तथ्य कोणते आणि किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

गोल्फ हा खेळ भारतात परका असला तरी अलीकडचा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा समजला जातो. लष्करी छावण्यांबरोबर हा खेळ महाराष्ट्रात पसरला. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ पासूनचे आहे. पुढे सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी सार्वजनिक मैदान उभारले, तेव्हा क्लबाच्या सभासदत्वावाचूनही हा खेळ खेळता येऊ लागला. पुण्यात वाढलेले वा तेथे नावारूपास आलेले खेळाडू आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दिसतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले होते. क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकास मात्र एका गोष्टीची सतत जाणीव ठेवावी लागते : या खेळात आकडा जितका लहान तितकी कामगिरी मोठी. अठरा भोके कमीत कमी फटक्यांत पूर्ण करावयाची असतात. प्रत्येक भोकास कुशल खेळाडूकडून अपेक्षित अशी जी फटक्यांची संख्या ठरविलेली असते तिला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास बर्डी, एक अधिक लागल्यास बोगी.

प्रथमतः एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. सोप्या मैदानावर सर्वसाधारणपणे कमीच फटके लागतात. तसे नसते तर त्यास सोपे म्हणण्यास काही आधारच उरला नसता. क्रिकेटमध्येही फलंदाजीस अनुकूल खेळपट्टीवर धावांचे डोंगर उभे राहतात. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या, त्या काही अवघड परिस्थितीचे फळ नव्हते. विरोधाभास ‘कधी कधी’ या शब्दांत आहे, आणि त्याची उकल करताना सर्वसाधारण नियम उलटा आहे असे भासविणे चुकीचे ठरेल. प्रश्न असा मांडावयास हवा : सोपेपणाचा जो लाभ अपेक्षित असतो, तो पुष्कळदा पूर्णांशाने का मिळत नाही, आणि क्वचित त्याचे हानीत रूपांतर का होते ?

यातील बराचसा भाग मानसशास्त्राचा नसून गणिताचा आहे. खेळाडू ‘वाईट खेळलो’ असे म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा आपल्या हँडिकॅपच्या तुलनेने बोलत असतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार त्यास मिळणारी फटक्यांची सूट. पूर्वी निरनिराळ्या देशांत तिच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धती अमलात आली आणि १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय गोल्फ संघानेही ती स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक मैदानास दोन अंक दिलेले असतात. मैदान-मूल्य हा अंक शून्य हँडिकॅपच्या निष्णात खेळाडूस तेथे साधारणतः किती फटके लागतील हे सांगतो. दुसरा अंक उताराचा. तो ५५ ते १५५ या मर्यादेत असतो आणि ११३ हे त्याचे प्रमाण मानले आहे. निष्णात खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्या अपेक्षित फटक्यांतील अंतर त्या मैदानावर किती वाढते, हे या अंकावरून कळते. अमेरिकेत डीन नूथ यांनी १९७० च्या दशकात ज्या संशोधनास आरंभ केला त्यातून ही कल्पना आकारास आली.

एका काल्पनिक उदाहरणाने गोष्ट स्पष्ट होईल. ज्याचा हँडिकॅप-निर्देशांक १८ आहे असा खेळाडू घ्यावा. ‘अ’ या अवघड मैदानाचे पार ७२, मूल्य ७३ आणि उतार १३०. ‘ब’ या सोप्या मैदानाचे पार ७०, मूल्य ६७ आणि उतार १०५ समजावा. निर्देशांकास उताराने गुणून ११३ ने भागावयाचे आणि त्यात मूल्य व पार यांतील फरक मिळवावयाचा, असा नियम आहे. त्यानुसार ‘अ’ वर या खेळाडूस २२ फटक्यांची सूट मिळते. ‘ब’ वर अवघी १४. आता त्याने ‘अ’ वर ९५ आणि ‘ब’ वर ९० फटके घेतले असे मानू. उघड्या आकड्यांत तो सोप्या मैदानावर पाच फटक्यांनी सरस ठरला. परंतु सूट वजा करता ‘अ’ वरील निव्वळ संख्या ७३ येते आणि ‘ब’ वरील ७६. पद्धतीच्या भाषेत बोलावयाचे तर ‘अ’ वरील खेळाची तफावत १९.१ आणि ‘ब’ वरील २४.८ होय. ‘अ’ वरील ९५ ची बरोबरी करण्यासाठी त्याने ‘ब’ वर ८५ फटक्यांत खेळ संपवावयास हवा होता. म्हणजे खेळाडूची तक्रार खरी आहे : तो सोप्या मैदानावर वाईट खेळला. मात्र ज्या सहकाऱ्याने केवळ फलकावरचे ९५ व ९० हे आकडे पाहिले, त्यास ती तक्रार अनाकलनीय वाटेल. दोघेही आपापल्या मापाने बरोबर आहेत.

उताराच्या कल्पनेतून याहून महत्त्वाची एक गोष्ट निष्पन्न होते. ‘सोपे’ हे विशेषण मैदानाचे नव्हे. ते मैदान आणि खेळाडू यांच्यातील संबंधाचे विशेषण आहे. समजा, एका मैदानाचे मूल्य ७२ व उतार ११० आहे, तर दुसऱ्याचे मूल्य ७० व उतार १३५. निष्णात खेळाडूच्या दृष्टीने दुसरे मैदान दोन फटक्यांनी सोपे. पुरुष खेळाडूंसाठी उताराचा अंक ५.३८१ ने भागला असता निष्णात आणि सामान्य यांच्यातील अंतर मिळते. ते पहिल्या मैदानावर सुमारे २०.४ आणि दुसऱ्यावर २५.१ येते. म्हणजे सामान्य खेळाडूस पहिल्या मैदानावर सुमारे ९२.४ आणि दुसऱ्यावर ९५.१ फटके लागावेत अशी अपेक्षा आहे. एकासाठी जे दोन फटक्यांनी सोपे, तेच दुसऱ्यासाठी जवळजवळ तीन फटक्यांनी कठीण. दुसरे मैदान आखूड असेल, पण त्याच्या वाटेत पाणी असेल, झाडी असेल, उंचावरून चेंडू टाकावा लागत असेल. निष्णात खेळाडू पाण्याकडे पाहतही नाही. सामान्य खेळाडूचा चेंडू नेमका तेथेच जातो. क्लबातील वाकबगार मंडळींनी एखाद्या मैदानास सोपे म्हटले आणि नवख्याने त्या शब्दावर विश्वास ठेवला, तर त्याच्या वाट्यास येणाऱ्या निराशेत मानसशास्त्राने स्पष्ट करावे असे काही उरत नाही.

निर्देशांकाच्या घडणीतही एक सापळा आहे. तो खेळाडूच्या सरासरी कामगिरीवरून काढला जात नाही. शेवटच्या २० खेळांपैकी सर्वोत्तम ८ खेळांच्या तफावतींची सरासरी म्हणजे निर्देशांक. अर्थातच तो खेळाडूच्या नेहमीच्या पातळीहून काही फटक्यांनी उजवा असतो. किंबहुना तो कुवतीचा निर्देशक आहे, सवयीचा नव्हे. म्हणून कोणत्याही मैदानावर, कोणत्याही दिवशी, बहुतेक खेळाडू आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळत असतात. अवघड मैदानावर असे घडले तर दोष मैदानास देऊन मन शांत होते. सोप्या मैदानावर ती सोय नसते; तेथे तोच सर्वसामान्य खेळ ‘अपयश’ म्हणून नोंदला जातो आणि लक्षात राहतो. स्मृतीची ही निवड मोठी फसवी असते. शंभर सोप्या फेऱ्या सरळपणे पार पडल्या तर त्यांविषयी कोणी बोलत नाही. जी एक बिघडली, तिची कथा क्लबाच्या व्हरांड्यात वर्षभर चालते.

गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीवरून दाखविलेला मध्याकडे परतण्याचा नियमही येथे लागू पडतो. अवघड मैदानावर एखादी असामान्य चांगली फेरी झाली की खेळाडू उत्साहाने सोप्या मैदानावर जातो आणि आता तर विक्रमच होणार असे धरून चालतो. परंतु असामान्य फेरीत कौशल्याबरोबर दैवाचाही वाटा असतो, आणि दैव पुढच्या मैदानावर बरोबर येत नाही. खेळ आपल्या सरासरीकडे परततो. या परतण्याचा मैदानाच्या सोपेपणाशी काहीही संबंध नसतो. मात्र दोष त्यालाच दिला जातो.

हे सर्व वजा केल्यानंतर जे उरते ते खऱ्या अर्थाने मानसशास्त्राचे क्षेत्र होय, आणि ते रिकामे नाही.

उद्दीपन आणि कार्यक्षमता यांच्या संबंधाचा विचार १९०८ साली यर्कीस आणि डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांनी सुरू केला. दोन पेट्यांपैकी उजळ पेटी ओळखावयाची आणि चुकल्यास विजेचा सौम्य वा तीव्र झटका बसावयाचा, अशी योजना होती. उजळ व काळी यांतील भेद स्पष्ट असता झटका जितका तीव्र तितके शिकणे त्वरेने झाले. भेद सूक्ष्म असता मात्र मध्यम झटकाच सर्वांत उपकारक ठरला. या निष्कर्षाचा जो भाग पाठ्यपुस्तकांतून वारंवार उद्धृत होतो तो असा, की अति उद्दीपन कठीण कामास मारक असते. त्याची दुसरी बाजू सहसा दुर्लक्षित राहते : सोप्या कामास उद्दीपन अधिक लागते. आता सोप्या मैदानावर काय घडते ते पाहावे. तेथे मैदान स्वतः उद्दीपन पुरवीत नाही. खेळाडू गप्पा मारीत चालतो, वाऱ्याची दिशा पाहण्याचे विसरतो, फटक्याआधीचा आपला नेहमीचा सराव-झोका अर्धवट सोडतो. गरज वाढली असता पुरवठा आटतो. तथापि हा नियम गोल्फला सरसकट लावताना जपले पाहिजे. मैदान सोपे झाले म्हणून चेंडू मारण्याची क्रिया सोपी होत नाही. स्नायूंच्या सूक्ष्म मेळावर अवलंबून असणारी ती क्रिया कोणत्याही मैदानावर तितकीच नाजूक असते. सोपे होते ते केवळ चुकीचे प्रायश्चित्त. उंदरांच्या प्रयोगातून गोल्फच्या मैदानावर उडी घेणारे लेखक हा भेद विसरतात.

अवधान मोकळे झाले म्हणजे ते कोठे जाते, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. या संबंधात सायन बायलॉक आणि टॉमस कार यांनी पटिंगवर, म्हणजे ग्रीनवरील अखेरच्या लहान फटक्यांवर, २००१ पासून केलेले प्रयोग उल्लेखनीय आहेत. निष्णात खेळाडूचे कौशल्य मुरलेले असते. ते शब्दांत सांगता येत नाही आणि पायरीपायरीने तपासले असता बिघडते. आपल्या हालचालींकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्यास सांगितले असता निष्णातांची कामगिरी ढासळली, नवशिक्यांची मात्र सुधारली. २००४ च्या एका प्रयोगात तर फटका त्वरेने मारण्यास सांगितले असता निष्णात खेळाडू अधिक अचूक ठरले आणि नवशिके अधिक चुकले. यावरून सोप्या मैदानाविषयी एक तर्क करता येतो. अवघड मैदान निष्णात खेळाडूच्या अवधानास बाहेर गुंतवून ठेवते : तो बंकर, ती उतरण, ते झाड. सोपे मैदान त्यास रिकामे सोडते आणि रिकामे अवधान आत वळून हाताच्या, मनगटाच्या, खांद्याच्या चौकशीस लागते. शतपद प्राण्यास त्याचे कोणते पाऊल आधी पडते असे विचारले आणि तो चालणेच विसरला, अशी एक जुनी गोष्ट आहे. तिची येथे आठवण व्हावी. नवशिक्याच्या बाबतीत हा तर्क लागू पडत नाही हेही ध्यानात असावे. त्यास मोकळे अवधान हितकारकच ठरेल. म्हणजे एकाच मैदानाचा एकाच दिवशी दोन खेळाडूंवर उलट परिणाम होणे शक्य आहे, आणि दोघांच्या आकड्यांची सरासरी काढणाऱ्या संशोधकास काहीच परिणाम दिसणार नाही.

लक्ष्याची स्पष्टता हा आणखी एक मुद्दा. अरुंद फेअरवेवर कोठे मारावयाचे हे मैदानच सांगते. दोन झाडांमधली खिडक एवढेच लक्ष्य असते आणि डोळा तेथे स्थिरावतो. साठ-सत्तर यार्ड रुंद हिरवळीवर ‘मध्यभागी कोठे तरी’ एवढेच ठरते. एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ध्येयविषयक सिद्धांतानुसार निश्चित आणि कठीण ध्येय दिले असता ‘जमेल तितके चांगले करा’ या सूचनेपेक्षा अधिक चांगली कामगिरी घडते. रुंद फेअरवे ही ‘जमेल तितके चांगले करा’ अशी सूचना आहे.

निर्णयाचे क्षेत्र तर याहूनही स्पष्ट आहे. चार फटक्यांच्या आखूड भोकावर निष्णात खेळाडू पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठावयास पाहतो. पलीकडे पाणी असते तर त्याने लहान लोखंडी काठी घेऊन चेंडू सुरक्षित जागी ठेवला असता, दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठले असते आणि फार तर चार फटक्यांत भोक पूर्ण केले असते. पाणी नाही म्हणून तो ड्रायव्हर ही सर्वांत लांब काठी उचलतो. फटका जितका लांब, तितका दिशेतील अल्पसा दोष शेवटी मोठ्या अंतरात प्रकट होतो. दोनशे यार्डांवर जो चेंडू फेअरवेच्या कडेस राहिला असता तो अडीचशे यार्डांवर रानात जातो. अवघड मैदान खेळाडूच्या वतीने शहाणपणाचा निर्णय घेऊन टाकते. सोपे मैदान तो निर्णय त्याच्यावर सोपविते, आणि माणसाचा स्वभाव पाहता हे औदार्य त्यास परवडत नाही.

मोहाच्या मागे आकांक्षेची पातळी असते. कुर्त लेविन यांच्या बर्लिन येथील वर्तुळातील फर्डिनांड होप्पे यांनी १९३० साली दाखविले की, यशापयशाचा अनुभव कामगिरीच्या निरपेक्ष मोजमापावर नव्हे, तर व्यक्तीने स्वतःपुढे ठेवलेल्या अपेक्षेवर अवलंबून असतो. आणि अतिशय सोप्या कामातील यश हे यश म्हणून अनुभवासच येत नाही. सोप्या मैदानावर पार मिळविणे हे खेळाडूस कर्तव्य वाटते, आनंद नव्हे. बोगी मात्र अपमान वाटते. पहिल्या तीन भोकांत दोन बोगी झाल्या की ‘पुढे दोन बर्डी करून भरून काढू’ हा हिशेब सुरू होतो. या हिशेबाचे पर्यवसान बहुधा तिसऱ्या बोगीत होते.

लाभ आणि हानी यांच्या या विषम मूल्यमापनाचा प्रत्यक्ष पुरावा गोल्फमधूनच मिळाला, ही गोष्ट या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समान रकमेच्या लाभापेक्षा हानी मनास अधिक बोचते, हे कानमान आणि ट्व्हर्स्की यांचे १९७९ चे प्रतिपादन. ते व्यावसायिक आणि अनुभवी माणसांसही लागू पडते काय, हे पाहण्यासाठी पोप आणि श्वाइत्झर यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांतील सुमारे २५ लाख पट फटके तपासले आणि आपले निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. चेंडू भोकापासून तितक्याच अंतरावर असता बर्डीसाठीचा पट हा पारसाठीच्या पटापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी कमी वेळा आत जातो. पार वाचविताना हानीचे भय असते, म्हणून खेळाडू जीव ओतून मारतो. बर्डी हा वरकड लाभ, म्हणून हात थोडा आखडतो आणि चेंडू भोकाच्या अलीकडे थांबतो. पारसाठी मारणाऱ्या खेळाडूने पुष्कळदा त्याच ग्रीनवर आधी एक पट मारलेला असतो, त्यामुळे त्यास जमिनीचा कल आधीच कळलेला असतो, अशी शंका येथे घेता येईल; लेखकांनी तिचाही विचार करून हिशेब मांडला आहे.

या शोधाचा सोप्या मैदानाशी असलेला संबंध त्या निबंधाचा विषय नसला तरी सहज जोडता येतो. सोप्या मैदानावर दुसऱ्या फटक्यात चेंडू भोकाजवळ येण्याचे प्रसंग अधिक, म्हणजे बर्डीसाठीचे पट अधिक. आणि नेमके तेच पट माणूस किंचित कमी कौशल्याने मारतो. मैदानाने देऊ केलेल्या सवलतीचा एक अंश अशा रीतीने ग्रीनवर गळून जातो. हा अंश लहान आहे. एका फेरीत तो क्वचितच एक संपूर्ण फटक्याएवढा भरेल. परंतु व्यावसायिक स्पर्धेत एका फटक्याने पहिला व दहावा क्रमांक वेगळा होतो.

क्रमांकाचा उल्लेख आला म्हणजे विद्यापीठीय वाचकास परीक्षेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या प्रश्नास निम्मे विद्यार्थी बरोबर उत्तर देतात त्याच्या गुणांचे विचलन महत्तम असते. प्रत्येकी एक गुण धरल्यास ते ०.२५ येते. दहांपैकी नऊ जणांस जो प्रश्न सुटतो त्याचे विचलन ०.०९ इतके उतरते. अतिसोप्या प्रश्नपत्रिकेत सर्व उमेदवार वरच्या टोकास गर्दी करतात, ज्ञानाचा भेद पुसट होतो, आणि क्रम ठरतो तो निष्काळजीपणाच्या एखाद्या चुकीवरून. अभ्यासू विद्यार्थ्याचा क्रमांक अशा परीक्षेत खाली घसरतो तेव्हा त्याचे ज्ञान घटलेले नसते. परीक्षेची भेदकता घटलेली असते. सोप्या मैदानावर निष्णात खेळाडूचा हाच अनुभव असतो. लांब आणि अचूक मारण्याचे जे कौशल्य त्याने कष्टाने कमावले त्यास तेथे गिऱ्हाईक नसते. उरतो केवळ पटिंगचा खेळ, आणि पटिंगमध्ये दैवाचा वाटा मोठा. म्हणून सोप्या मैदानावर त्याचे फटके कमी होऊनही त्याचा क्रमांक घसरू शकतो, आणि बक्षीस घरी नेणारा वेगळाच निघतो. शिष्यवृत्तीची वा निवडीची प्रश्नपत्रिका सोपी काढल्याने विद्यार्थ्यांवर उपकार होतो असे समजणाऱ्यांनी या बाजूचाही विचार करावयास हवा. निवड मोजक्या जागांची असता सोपी प्रश्नपत्रिका ही तयार विद्यार्थ्यावर अन्यायाचीच एक रीत ठरते.

महाराष्ट्राच्या हवामानात मैदानाचा सोपेपणा वर्षभर सारखा राहत नाही, हेही विसरता कामा नये. एप्रिल-मे महिन्यांत भाजलेल्या जमिनीवर चेंडू लांब घरंगळतो आणि आखूड मैदान आणखी आखूड होते. पावसाळ्यात तोच चेंडू पडल्या जागी चिखलात रुततो. पाण्याच्या दुर्भिक्षामुळे भारतातील पुष्कळ लहान मैदानांवर पूर्वी ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे तपकिरी पृष्ठभाग असत, त्यांना ब्राऊन असेच म्हणत. त्यांवर शिकलेला हात मऊ हिरवळीवर गोंधळतो, आणि हिरवळीवरचा हात त्यांवर. जागतिक पद्धतीत त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार दुरुस्ती करण्याची तरतूद आहे. सर्व खेळाडूंच्या नोंदी पाहून उणे १ ते अधिक ३ इतका फेरफार आपोआप केला जातो. मैदानाच्या फलकावरील अंक मात्र बारा महिने तोच असतो, आणि खेळाडू तोच मनात धरून येतो.

या विविध कारणांपैकी कोणत्याचा वाटा किती, हे निश्चित करणे अशक्य नाही. एकाच खेळाडूच्या भिन्न मूल्यांच्या मैदानांवरील तफावती शेजारी ठेवून पाहिल्यास, मूल्यांकन निर्दोष असल्यास, त्यांची सरासरी सारखी यावयास हवी. सोप्या मैदानांवरील सरासरी सर्वच खेळाडूंच्या बाबतीत सातत्याने अधिक आली तर संशय मूल्यांकनावर घ्यावा लागेल, मनावर नव्हे : त्या मैदानास त्याच्या वाजवी पात्रतेपेक्षा सोपे ठरविले गेले आहे एवढाच त्याचा अर्थ होईल. ती केवळ निष्णातांच्या बाबतीत अधिक आणि नवशिक्यांच्या बाबतीत सारखी आली तर अवधानाच्या उपपत्तीस बळ मिळेल. सरासरी सारखीच राहून केवळ पसारा वाढला, म्हणजे फार चांगल्या आणि फार वाईट अशा दोन्ही फेऱ्या सोप्या मैदानावर अधिक दिसल्या, तर साहसी निर्णयांचा तो परिणाम मानता येईल. कारण पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठण्याचा प्रयत्न कधी बर्डी देतो, कधी सात फटके. हँडिकॅपच्या नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. फेरीचा दिनांक, मैदान, उतार आणि फटके हे सर्व तीत असते. मात्र खेळाडूने कोणत्या भोकावर कोणती काठी उचलली हे त्या नोंदीत नसते. त्यासाठी अभ्यासकास टीपवही घेऊन खेळाडूंबरोबर अठरा भोके चालावे लागेल, आणि तेही बहुधा सकाळी सहा वाजता.